कोळशाच्या राखेचा क्लिंकर होतोय? पोती मागवायच्या आधी राख तपासा

महिन्यातून बॉयलरवाल्यांचे दोन-तीन फोन येतातच आणि बोलणं ठरलेलं असतं. "क्लिंकर लय व्हायला लागलाय, कुठली पावडर टाकू?" (क्लिंकर म्हणजे वितळून, चिकटून घट्ट झालेली राख.) मी विचारतो राखेचा रिपोर्ट आहे का, तर तिकडून शांतता. मग कळतं की कुणीतरी चुना सांगितला, कुणी डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा दगड) सांगितलं, एकाने तर मीठ टाकायला सांगितलं आणि यांनी टाकलंही. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. पुढचं सगळं एमआयडीसीतल्या आपल्या नेहमीच्या बॉयलरसाठी आहे, म्हणजे तासाला २ ते ३० टन वाफेचे ग्रेटवाले (जाळीवर कोळसा जळतो ते) नाहीतर एएफबीसी (खालून हवा मारून उकळल्यासारख्या हलणाऱ्या वाळूच्या बेडमध्ये जळतो ते), ज्यात वणी-चंद्रपूरकडचा कोळसा, इंडोनेशियन कोळसा आणि मधेमधे सोयाबीनचं भुसकट, पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या), ब्रिकेट (भुसकटाचे दाबून केलेले ठोकळे) असं मिळेल ते जळतं. मोठ्या पॉवर स्टेशनचं गणित तेच असतं पण पावडर टाकायची पद्धत वेगळी, त्यात मी इथं शिरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. जी पावडर एकाच्या राखेला वितळू देत नाही तीच पावडर दुसऱ्याच्या राखेची काच करते. हे मी पुस्तकात वाचून नाही, स्वतः चूक करून शिकलोय, ते पुढं येईल.

टप्पा १ : त्रास नक्की कुठं आहे ते बघा

सगळ्याला आपण सरसकट क्लिंकर म्हणतो, पण तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं.

१. भट्टीत, ग्रेटवर किंवा वॉटर वॉलवर (भट्टीच्या भिंतीतल्या पाण्याच्या नळ्यांवर) वितळून बसलेला थर. काळा, हिरवट, फोडला तर काचेसारखा चकाकतो. इथं राखच वितळलेली असते.

२. पुढं गॅसच्या वाटेतल्या नळ्यांवर, म्हणजे सुपरहीटर (वाफ अजून तापवणारा), कन्व्हेक्शन ट्यूब, इकॉनॉमायझर (बॉयलरचं पाणी तापवणारा) इथं चिकटलेला थर. ट्यूबला लागून पांढरट-पिवळट आणि त्यावर करड्या राखेचा जाड लेप. इथं राख वितळलेली असेलच असं नाही. सोडियम-पोटॅशियमचे क्षार भट्टीत वाफ होऊन वर जातात आणि ट्यूबवर गार होऊन बसतात, मग त्या चिकट थरावर उडती राख अडकत जाते.

३. एएफबीसीच्या बेडमधली ढेकळं. वाळूचे, रिफ्रॅक्टरीचे (उष्णता सोसणाऱ्या विटेच्या मातीचे) दाणे एकमेकांना चिकटलेले, फोडलं की आत दाणे सुटे दिसतात.

बॉयलर बंद असताना तिन्ही ठिकाणचे तुकडे वेगवेगळ्या पिशवीत घ्या, पिशवीवर जागा आणि तारीख लिहा. मग दोन घरगुती टेस्ट करा. पहिली, तुकडा कुटून त्यावर चुंबक फिरवा, भरपूर चिकटला तर लोखंड जास्त आहे आणि बहुतेक वेळा हवा कमी पडत होती. दुसरी, कुटलेली १० ग्रॅम पावडर १०० मिली आरओ नाहीतर डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात चांगली ढवळा, अर्धा तास ठेवा, गाळून घ्या आणि फीडवॉटरसाठी आपल्याकडं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असतोच तो त्यात बुडवा. ५,००० च्या वर गेला तर त्या १० ग्रॅममधलं अर्धा ग्रॅम तरी विरघळलंय, म्हणजे क्षारांचा खेळ आहे. २,००० च्या आसपास राहिला तर नुसत्या कॅल्शियम सल्फेटनेसुद्धा तेवढा येतो, त्यामुळं लगेच निष्कर्ष काढू नका. शे-दोनशेच आला तर ती साधी वितळलेली सिलिकेटची काच आहे.

*थांबा :* पीपहोलमधून (भट्टीत बघायच्या भोकातून) सळई घालून चालू बॉयलरमधला तुकडा काढायच्या भानगडीत पडू नका. प्रेशर पॉझिटिव्ह झालं की ज्वाळा तोंडावर येते.

टप्पा २ : पावडरशिवाय जे सुधारतं ते आधी सुधारा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या अंदाजाने निम्म्या लोकांचा त्रास इथंच संपतो.

भट्टीत ऑक्सिजन कमी असला की राखेतलं लोखंड फेरस रूपात राहतं आणि फेरस लोखंड राखेला लवकर वितळवतं. तोच कोळसा, तीच राख, पण हवा कमी पडली तर वितळायचं तापमान शंभर डिग्रीनेही खाली येऊ शकतं. म्हणून पावडरच्या आधी हवा.

१. ग्रेटच्या फटी, एएफबीसीत नोझल तपासा. अर्धे नोझल चोक असतील तर तिथं बेड मरतो, बाजूला कोळसा साचतो, तिथलंच तापमान उसळतं आणि ढेकूळ तयार. बेड ८०० ते ९०० डिग्रीत आणि सगळ्या थर्मोकपलवर सारखा पाहिजे. एक थर्मोकपल ८५० आणि शेजारचा ६५० दाखवत असेल तर तुमच्याकडं पावडरचा प्रश्न नाहीच, हवेचा आहे.

२. कोळशाची साइज. ग्रेटवर नुसता चुरा गेला तर हवा वर येत नाही, आणि मोठे ढेपूळ गेले तर त्यांच्याभोवती भगभगतं.

३. ऑक्सिजन मीटर कॅलिब्रेट करा. मीटर ६ दाखवतोय आणि ती हवा मागं इकॉनॉमायझरच्या फुटक्या दारातून येतेय, असं लय ठिकाणी असतं. भट्टी उपाशी आणि मीटर खूश.

४. सूट ब्लोअर (ट्यूबवरची राख झोताने झाडणारा) खरंच चालतो का? लॉगबुकात टिक असते. मी स्वतः उभं राहून बघा म्हणतो.

५. लोड. दहा टनाच्या बॉयलरमधून साडेअकरा टन स्टीम ओढत असाल तर भट्टीतून निघणारा गॅसच इतका गरम असणार की राख ओलीच पुढं जाणार.

आता माझी चूक. एका प्रोसेस हाउसच्या चेनग्रेट (सरकत्या जाळीच्या) बॉयलरवर रोज क्लिंकर, फायरमन पहार घेऊन घामाघूम. मी ऐटीत सांगितलं, चुनखडीची पावडर मारा कोळशावर. चौथ्या दिवशी ग्रेटच्या शेवटाला जे निघालं ते घमेल्यात मावेना, बाटलीच्या काचेसारखं हिरवट आणि एका बाजूला ग्रेटबारचा ठसा उमटलेला. त्यांचा कोळसा होता स्थानिक, राख सगळी सिलिका-अॅल्युमिनाची, जी एरवी सहज वितळत नाही. खरं कारण नंतर सापडलं, ग्रेटच्या खालच्या दोन कप्प्यांचे डॅम्पर गंजून अर्धवट बंद पडले होते. हवेचा प्रश्न होता आणि मी त्यात चुना घालून काचेचा कारखाना काढून दिला.

*थांबा :* क्लिंकर वाढला म्हणून चालू बॉयलरच्या तळाची राख माणसं लावून काढायची नाही. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात उंचाहारच्या ५०० मेगावॉटच्या ६ नंबर युनिटमध्ये भट्टीच्या तळाला राख साचली होती, त्या दिवशीच्या स्फोटात ४० हून जास्त माणसं गेली. आपला बॉयलर लहान असला तरी लटकलेला क्लिंकर पडला की गरम राख आणि गॅस दारातूनच बाहेर येतो. आणि लाल क्लिंकरवर पाण्याचा पाइप मारायचा नाही, कधीच नाही.

*तपासणी :* हे सगळं करून आठवडा जाऊ द्या. त्रास निम्म्याने कमी झाला तर पावडर विसरून जा.

टप्पा ३ : नमुना घ्या आणि रिपोर्ट मागवा

ढिगाच्या वरनं एक पिशवी भरली की तो नमुना नव्हे. वर ढेपूळ असतात, खाली चुरा, आणि राख चुऱ्यात वेगळी असते. चालत्या बेल्टवरनं दर तासाला एक फावडं, असं चोवीस तास, मग सगळं एकत्र कुटून चौथाई करत करत (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) दोन-तीन किलोवर आणा. भुसकट, ब्रिकेट जळत असेल तर त्याचा नमुना वेगळा पाठवा, कोळशात मिसळून पाठवू नका.

लॅबला "कोळसा टेस्ट" असं म्हटलं तर ते जीसीव्ही (उष्मांक), ओलावा, राख देतात आणि बिल लावतात. त्याचा इथं उपयोग थोडा. स्पष्ट लिहून द्या:

१. राखेचं घटक विश्लेषण : सिलिका, अॅल्युमिना, टायटॅनिया, आयर्न ऑक्साइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम.

२. ॲश फ्यूजन टेंपरेचर (राख मऊ होऊन वितळायचं तापमान), चारही आकडे (डिफॉर्मेशन, सॉफ्टनिंग, हेमिस्फिअर, फ्लो), आणि रिड्यूसिंग (ऑक्सिजन नसलेल्या) वातावरणात. नुसता ऑक्सिडायझिंगचा आकडा चांगला दिसतो पण फसवतो.

३. कोळशाचं सल्फर, आणि बायोमासचं क्लोरीन.

अजून एक, जे लॅबवालेही विसरतात. कोळशाची राख ८१५ डिग्रीला करतात, पण बायोमासची राख ५५० ला करायची असते. ८१५ ला केली तर पोटॅशियम थोडं उडून जातं आणि रिपोर्टमध्ये खरा चोरच कमी दिसतो. रिपोर्टवर तापमान लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा.

टप्पा ४ : बेस-अॅसिड रेशो काढा

हे दहावीच्या मुलाला येईल इतकं सोपं आहे. आयर्न, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम या पाच ऑक्साइडची बेरीज वर, आणि सिलिका, अॅल्युमिना, टायटॅनियाची बेरीज खाली. भागा.

समजा स्थानिक कोळशाची राख अशी आली : सिलिका ६०, अॅल्युमिना २७, टायटॅनिया १.५, आणि वरच्या पाचांची बेरीज ९. रेशो झाला ९ भागिले ८८.५, म्हणजे ०.१०. आणि इंडोनेशियन कोळशाच्या एखाद्या लॉटचा असा आला : सिलिका ४०, अॅल्युमिना १८, टायटॅनिया १, आणि पाचांची बेरीज ३५.५. रेशो ०.६०.

आता हे डोक्यात बसवा. रेशो अगदी कमी असला की राख सहसा उशिरा वितळते. रेशो वाढत गेला की वितळायचं तापमान घसरत जातं, साधारण बेस आणि अॅसिड बरोबरीला येईपर्यंत, आणि त्याच्याही पलीकडं बेस फार झाला की तापमान परत चढायला लागतं. मधे दरी आहे असं समजा. पावडर टाकायची ती दरीपासून लांब जाण्यासाठी, दरीकडं ढकलण्यासाठी नाही.

वरच्या स्थानिक राखेत दर १०० किलोमागं ४० किलो चुना गेला तर बेस ४९ झाला आणि रेशो ०.५५. म्हणजे दरीच्या उतारावर नेऊन उभं केलं. माझ्या हिरव्या काचेचं कारण हेच. आणि हे काही गुपित नाही, कोळशाच्या गॅसिफायरमध्ये राख मुद्दाम वितळवून बाहेर काढायची असते तेव्हा लोक चुनखडीच टाकतात!

*तपासणी :* डिफॉर्मेशनचा आकडा (राख आकार सोडायला लागते ते तापमान) आणि भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान शेजारी लिहा. गॅस किमान ५० डिग्री खाली पाहिजे. फरक २०० असेल आणि तरी क्लिंकर होतोय, तर टप्पा २ ला परत जा, काहीतरी बघायचं राहिलंय.

टप्पा ५ : आता पावडर निवडा

*स्थानिक कोळसा, रेशो ०.२ च्या आत, डिफॉर्मेशन १२०० च्या वर.* काही टाकू नका. हवा, साइज, लोड. बस.

*इंडोनेशियन कोळसा, लोखंड-कॅल्शियम जास्त, भट्टीत काचेसारखा थर.* इथं अॅल्युमिना वाढवायला पाहिजे. चायना क्ले चालते, बॉक्साइटची पावडर चालते. पण त्याच्या आधी स्वस्तातली पावडर वापरा, जी तुमच्या यार्डातच पडलीये, म्हणजे जास्त राखेचा स्थानिक कोळसा. गणित बघा. ७०० किलो इंडोनेशियन, राख ६ टक्के, म्हणजे ४२ किलो राख. ३०० किलो स्थानिक, राख ३२ टक्के, म्हणजे ९६ किलो राख. मिश्रणातली दोन-तृतीयांश राख स्थानिक कोळशाची झाली, आणि रेशो ०.६० वरनं ०.२१ वर आला. एक पोतं विकत न घेता. फक्त खरंच मिसळलं पाहिजे, लोडरने एक बकेट हा आणि एक बकेट तो टाकला तर बॉयलरला आळीपाळीने दोन वेगळे कोळसे मिळतात. आणि मिसळलं तरी प्रत्येक दाणा आपापला जळतो, त्यामुळं प्रत्यक्ष निकाल कागदावरच्या सरासरीपेक्षा थोडा वाईटच धरा.

*पऱ्हाट्या, भुसकट, ब्रिकेट मिसळताय, सुपरहीटरवर पांढरा थर, टीडीएस चढलेला.* इथं चायना क्ले म्हणजे केओलिन हेच मुख्य औषध. पोटॅशियम क्लोराइड ७७० डिग्रीला वितळतं आणि वाफ होऊन ट्यूबवर बसतं. केओलिन गरम झालं की त्यातलं पाणी निघून जातं आणि उरलेलं अॅल्युमिनोसिलिकेट हे पोटॅशियम पकडून ठेवतं, जे तयार होतं ते १५०० च्या वर वितळणारं असतं, म्हणजे कोरडं राहून राखेबरोबर निघून जातं. क्लोरीन मात्र हायड्रोक्लोरिक अॅसिडचा गॅस होऊन चिमणीकडं जातो, त्यामुळं मागच्या टोकाचं तापमान डिझाइनच्या खाली नेऊ नका, तो गॅस एपीएच (भट्टीची हवा तापवणारा भाग) आणि बॅगफिल्टरचा (गॅसमधली राख गाळणाऱ्याचा) पत्रा खाईल. केओलिन नसेल तर कोळशाची उडती राखही हेच काम करते, थोडं कमी जोराने. डेन्मार्कमध्ये आवेडोअरच्या पॉवर स्टेशनात लाकडाच्या पेलेट जाळताना कोळशाची राख मुद्दाम मिसळलेली आहे. आपल्याकडं चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याला तिचे डोंगर पडलेत.

*एएफबीसीत बेडची ढेकळं, बायोमाससोबत.* वाळूच्या सिलिकाला पोटॅशियम चिकटून सातशे-आठशेलाच ओली होणारी काच तयार होते. आधी बेड जास्त वेळा ड्रेन करा आणि नवं बेड मटेरियल द्या, नदीची वाळू वापरत असाल तर ती बंद करून अॅल्युमिना जास्त असलेलं रिफ्रॅक्टरीचं मटेरियल घ्या. डोलोमाइटचा उपयोग होतो तो इथं. मग केओलिन.

*लिग्नाइट.* सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असू शकतं, रेशो १ च्या पलीकडं असेल तर थोडी चायना क्ले टाकून दरीतच पडाल. इथं लॅबमध्ये ट्रायल केल्याशिवाय पुढं जाऊच नका.

मॅग्नेसाइटचं एक वेगळं. ते तापून होणाऱ्या मॅग्नेशियाने थर व्हायचा थांबेलच असं नाही, पण तो भुसभुशीत होतो आणि सूट ब्लोअरने सुटतो. एएफबीसीत सल्फर पकडायला चुनखडी टाकतात तो वेगळाच विषय, त्याची गल्लत करू नका.

*थांबा :* मीठ टाकू नका. काजळी झडते म्हणून जुने फायरमन टाकायचे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन, जे काढायचंय तेच पोत्याने ओतताय.

टप्पा ६ : आलेली पोती तपासा

पांढरी पावडर म्हणजे चायना क्ले असं नसतं. चुना, खडू, डोलोमाइट, जिप्सम, सोपस्टोन सगळंच पांढरं. आणि "स्पेशल क्लिंकर रिमूव्हर" नावाच्या पोत्यात काय आहे ते सांगायला विकणारा तयार नसेल तर ते पोतं गेटवरनंच परत पाठवा.

१. डीएम प्लांटवर हायड्रोक्लोरिक असतं, पातळ करून चिमूटभर पावडरवर दोन थेंब टाका, गॉगल-ग्लोव्हज घालून. बुडबुडे फसफसले तर चुनखडी. हळू, कोमट केल्यावर फसफसलं तर डोलोमाइट. काहीच झालं नाही तर क्ले असू शकते.

२. खात्री करायची तर मफल फर्नेसमध्ये (लॅबच्या बंद भट्टीत) ९५० ला तासभर ठेवून वजनातली घट बघा. शुद्ध चुनखडी ४४ टक्के घटते, डोलोमाइट ४७-४८, मॅग्नेसाइट ५२, जिप्सम २१, सोपस्टोन ५ च्या आसपास, आणि चांगली चायना क्ले १३-१४. क्ले म्हणून आलेली पावडर ८ टक्केच घटली तर निम्मी वाळू विकत घेतलीये.

३. क्लेच्या रिपोर्टमध्ये अॅल्युमिना ३५ च्या वर आणि पोटॅशियम १ च्या आत पाहिजे. पोटॅशियमवाली क्ले टाकून पोटॅशियम पकडायचं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

पेंटसाठी मिळणारी कॅल्साइन्ड क्ले घेऊ नका, ती हजार डिग्रीच्या आसपास भाजलेली असते, तिची पकडायची ताकद गेलेली. आणि गणपतीच्या मूर्तीची शाडू माती म्हणजे चायना क्ले नव्हे, हाही फोन मला येऊन गेलाय.

टप्पा ७ : डोस काढा

"एक टनाला एक पोतं" असा डोस नसतो. पकडायचं आहे त्याच्या हिशोबाने काढायचा.

एक किलो पोटॅशियम ऑक्साइड पकडायला शुद्ध केओलिन २.७४ किलो लागतं, एक किलो सोडियम ऑक्साइडला ४.१६ किलो. समजा ब्रिकेटची राख ६ टक्के आणि त्या राखेत पोटॅशियम ऑक्साइड २० टक्के. एका टनात ६० किलो राख, त्यात १२ किलो पोटॅशियम. १२ गुणिले २.७४ म्हणजे ३३ किलो. तुमची क्ले ८० टक्के शुद्ध, म्हणजे ४१ किलो. पण ब्रिकेट एकूण इंधनाच्या २० टक्केच आहे, म्हणजे मिश्र इंधनाच्या टनामागं ८.२ किलो. तासाला दोन टन जळत असेल तर साडेसोळा किलो.

बाकीचा ८० टक्के कोळसा स्थानिक असेल तर त्याची राखही थोडं पोटॅशियम पकडते, म्हणून निम्म्यापासून सुरू करा, तासाला आठ किलो, आणि गरज दिसली तर वाढवा. नुसतं बायोमास असेल तर पूर्ण डोसच्या सव्वा-दीडपट लागू शकतो, कारण सगळी क्ले कामाला येत नाही.

प्लांटमध्ये टाकण्याआधी लॅबमध्ये पाचशे रुपयांच्या क्रुसिबलमध्ये चूक करून घ्या. राखेत ०, ५, १०, २० टक्के पावडर मिसळून चार गोळ्या करा, ठरलेल्या तापमानाला भाजा, गार झाल्यावर बोटाने दाबा. कुठली भुगा होते आणि कुठली दगड, ते समोरच दिसतं.

*तपासणी :* लोखंड-कॅल्शियमच्या काचेसाठी वरचं पोटॅशियमचं गणित लागू नाही. तिथं टप्पा ४ चा रेशो नव्याने मांडा आणि या गोळ्यांवरच डोस ठरवा.

टप्पा ८ : टाकायची कशी

इथं चांगल्या-चांगल्या प्लांटमध्ये गंमत बघायला मिळते. डोस बरोबर, पावडर बरोबर, आणि शिफ्टच्या सुरुवातीला हेल्पर बंकरमध्ये चार पोती उपडी करून मोकळा. म्हणजे पहिला अर्धा तास बॉयलर माती खातो आणि उरलेले साडेसात तास उपाशी.

१. बेल्टवर, क्रशरच्या आधी, छोट्या स्क्रू फीडरने सतत पातळ धार पडली पाहिजे. क्रशरमध्ये आपोआप मिसळते.

२. फीडर कॅलिब्रेट करा. पाच मिनिटं खाली पिशवी धरा, वजन करा, १२ ने गुणा, तासाचा आकडा मिळाला. हे आठवड्याला एकदा, आणि पावसाळ्यात रोज, कारण दमट क्ले हॉपरमध्ये पूल धरते, स्क्रू फिरत राहतो आणि खाली काहीच पडत नाही.

३. बारीकपणा त्रास कुठं आहे त्याप्रमाणे. सुपरहीटरवरचा थर असेल तर २०० मेशच्या खालची बारीक पावडर, ती गॅसबरोबर उडत जाऊन वाफ पकडते. बेडच्या ढेकळांसाठी तीच पावडर टाकली तर बेडमध्ये थांबतच नाही, दोन-तीन मीटर सेकंदाच्या हवेने क्षणात वर. तिथं दाणेदार पाहिजे किंवा इंधनाला चिकटून गेली पाहिजे.

४. ग्रेटवर कोरडी पावडर भुरभुरू नका, चिमणीकडं गॅस खेचणारा आयडी फॅन ओढून नेतो. कोळशाच्या चुऱ्यावर आपण पाणी मारतोच, त्या ओल्या कोळशात मिसळा म्हणजे दाण्याला चिकटून राहते. ग्रेटवर तापमान जास्त असतं, एकटी पडलेली क्ले आधीच भाजून निकामी होते, इंधनाला चिकटलेली असली तरच कामाची.

*थांबा :* पोती फोडणाऱ्या माणसाला चांगला डस्ट मास्क द्या, रुमाल नाही. क्लेमध्ये बारीक सिलिका असते. आणि कळीचा चुना कुठल्याही कारणाने आणू नका, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

टप्पा ९ : ट्रायल घ्या

ट्रायल म्हणजे पावडर टाकली आणि "जरा बरं वाटतंय". असं नाही.

आधी सात दिवस पावडरशिवाय, मग पंधरा दिवस पावडरसह, मग परत पाच दिवस बंद. तिन्ही काळात कोळशाचा लॉट तोच, लोड साधारण तोच. रोज ठरलेल्या वेळी लिहा : सुपरहीटर आणि इकॉनॉमायझरच्या आधी-नंतरचा ड्राफ्ट (गॅसची ओढ), मागच्या गॅसचं तापमान, स्टीमचं तापमान, सूट ब्लोअर किती वेळा मारला, क्लिंकर किती घमेली निघाला, बॅगफिल्टरचा डीपी (आत-बाहेरच्या दाबातला फरक). एकाच पीपहोलमधून, एकाच वेळी मोबाइलवर फोटो. मागच्या गॅसचं तापमान २२ डिग्रीने चढलं की एफिशियन्सी साधारण एक टक्का गेली असं धरतात, त्यावरनं पावडरीचा खर्च निघतोय का ते मालकाला दाखवता येतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काही दिसणार नाही, जुना थर तसाच बसलेला असतो. शक्य असेल तर ट्यूब साफ करून मगच ट्रायल सुरू करा. ड्राफ्टमधली तूट उलट वाढायला लागली, बेडची उंची भराभर चढायला लागली किंवा बॅगफिल्टर गुदमरला तर पावडर लगेच बंद करा आणि डोसचं गणित परत मांडा. ट्रायल चालू असताना हवेच्या सेटिंगला हात लावू नका. हे फायरमनलाही समजावून सांगा, नाहीतर तो चांगल्या मनाने डॅम्पर उघडतो, क्लिंकर कमी होतो आणि श्रेय मातीला जातं.

टप्पा १० : लॉट बदलला की, आणि राख देताना

कोळशाचा लॉट बदलला की टप्पा ३ पासून परत. दर लॉटचा किलोभर नमुना डब्यात बंद करून, तारीख लिहून ठेवा, पुढं भांडण झालं तर तोच कामाला येतो. पऱ्हाट्यांचा हंगाम संपून ब्रिकेट सोयाबीनच्या भुसकटाचं यायला लागलं तरी ते नवं इंधनच, पुरवठादार तोच असला म्हणून काय झालं.

आणि तुमची राख विटांसाठी जात असेल तर त्या माणसाला सांगा की पावडर सुरू केलीये. क्लेने विटेला काही होत नाही. चुनखडी किंवा डोलोमाइट टाकत असाल तर मात्र राखेत जळका चुना सुटा राहतो, वीट भिंतीत बसल्यावर पाणी लागलं की तो फुगतो आणि विटेचे टवके उडतात. मूठभर राख पाण्यात कालवून हात न लावता थर्मामीटर घाला. तापमान चढायला लागलं तर ती गाडी त्याला देऊ नका.